कॉलरीतले दोन लाल टाके

लाँड्रीवाली आक्का तोंडाची फटकळ, पण कामात तीस वर्षांत कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. प्रत्येक घराची खूण ठरलेली: कॉलरीच्या आत रंगीत दोऱ्याचे टाके. वही नाही, पावती नाही, सगळं डोक्यात. हौद मात्र एकच. पांढरे आधी, रंगीत नंतर, बस्स.

एका दुपारी सोसायटीचे अध्यक्ष चौघांना घेऊन आले. "आक्का, तुम्ही आपल्या धर्माच्या. यापुढे त्यांचे कपडे आपल्या कपड्यांत नकोत. हौद वेगळा करा, नाहीतर गाळा खाली करा."

आक्काने हातातला कपडा हौदाच्या काठावर ठेवला. गाळा गेला तर खायचं काय? देवाला तीही मानायची. पण आपला देव वेगळा म्हणून आपलं भलंही वेगळं, आणि शेजाऱ्याचं भलं झालं की आपलं वाईट, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. अहो, नळ कोरडा पडला की सगळ्यांचेच कपडे मळके राहतात!

अध्यक्ष गळ्याचं बटण उघडून वारा घेत होते. आतून दोन लाल टाके दिसले. लाल टाके तर त्या दुसऱ्या धर्माच्या मास्तरांचे! अध्यक्षांची खूण निळी. म्हणजे शर्टांची अदलाबदल झाली होती, तीस वर्षांतली पहिलीच चूक. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"अध्यक्षसाहेब," ती रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या हातून चूक झालीय. तुमच्या अंगातला शर्ट मास्तरांचा आहे. परवा धुऊन दिला, तेव्हापासून घालताय, कुठे खाज सुटली का?"

चौघांतला एक फिसकन हसला. अध्यक्षांचा हात कॉलरीकडे गेला.

"गाळा हवा तर घ्या," आक्का म्हणाली. "रस्त्यावर बसून धुईन, पण हौद दोन होणार नाहीत. चूक माझी, म्हणून या शर्टाची धुलाई फुकट. काढताय का इथेच?"

अध्यक्ष तरातरा निघून गेले. संध्याकाळी नोटीस आली, आठ दिवसांची मुदत. नोटिशीमागोमाग, रस्त्यावरची बातमी ऐकून मास्तर आले, हातात अध्यक्षांचा शर्ट.

"आक्का, हा घट्ट होत होता. मला वाटलं, मीच सुटलो!"

सकाळी अध्यक्षांच्या बायकोने मास्तरांचा शर्ट आणून दिला. "गाळा कुठेही घ्या, कपडे तुमच्याकडेच येतील," एवढंच बोलून ती वळली.

आक्काने दोन्ही शर्ट हौदात टाकले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं.