डब्याभोवतीची हळद

एकाहत्तर सालच्या दिवाळीत मी सांगलीला, गुळाच्या पेठेमागं एका खोलीत राहत होते. आमचे हे फौजेत. सासर आणि माहेर दोन्ही साताऱ्याकडं, पण मला सांगलीच्या शाळेत नोकरी लागली, म्हणून एकटीनंच बिऱ्हाड थाटलं होतं. घरमालक जैन, गुळाचे व्यापारी. खाली ढेपांची वखार, तिला लागून माझी खोली, वर त्यांचं घर. त्यामुळं मुंग्यांना तोटा नव्हता. चहाचा कप विसळायला जरा उशीर झाला की कपात त्याच. माझा त्यांच्यावर दातच होता.

दिवाळीला हे सुट्टीवर यायचे होते. मागच्या खेपेला जाताना बजावून गेले होते, "आता आलो की नानकटाई पायजे. तुझ्या हातची."

मी शेगडीवर पातेल्यात वाळू तापवली, झाकणावर निखारे ठेवले आणि कामाला लागले. पहिला घाणा करपला, दुसरा पसरला, तिसऱ्यापासून जमली. पत्र्याच्या डब्यात तळाला कागद घालून एकावर एक रचून ठेवली. आणि डबा भरला, तोच सुट्ट्या रद्द झाल्याचं कळलं. पलटण सरहद्दीकडं निघाली होती.

डबा उघडायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. आले की तेच उघडतील.

मुंग्यांपायी डबा परातीत ठेवून परातीत पाणी ओतलं. सकाळी बघते तर पाण्यावर मुंग्यांचा तवंग. मला बरंच वाटलं. तेवढ्यात मालकीणकाकू काही मागायला आल्या. त्यांची नजर परातीवर गेली. खाली बसल्या आणि पदराचं टोक पाण्याला लावून एकेक मुंगी उचलून फरशीवर ठेवू लागल्या. दोन-चार हलल्यासुद्धा. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की शाळेला उशीर होत होता तरी मीही शेजारी बसले.

"बाई, त्यास्नी बी प्वाट हाय," एवढंच म्हणाल्या. मग वर जाऊन ओंजळभर हळद घेऊन आल्या आणि डब्याभोवती गोल रेघ ओढली. "ही वलांडत न्हाईत. मरत बी न्हाईत."

खरंच ओलांडत नव्हत्या. रेघेपर्यंत यायच्या, घुटमळायच्या, माघारी फिरायच्या.

मग लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. काकूंच्या घरी रेडिओ होता, तिथं बातम्या ऐकायला बसायचं आणि खाली यायचं. पत्र येईना. एरवी मी शाळेत विज्ञान शिकवायची, मुलींच्या डोक्यातल्या खुळचट समजुती काढायची. पण रेघ तुटली, डब्याला मुंग्या लागल्या, तर हे यायचे नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं. कुणाला सांगायची सोय नव्हती. वाऱ्यानं, केरसुणीनं रेघ पुसट व्हायची. शाळेत जाताना आणि आल्यावर मी ती ठीकठाक करायची. काकूंनी काही विचारलं नाही. वाटीतली हळद संपत आली की भरलेली वाटी दाराशी असायची.

लढाई संपली. पेठेत पेढे वाटले. यांचं पत्र मात्र नाही. पेढा हातात घेऊन मी खोलीत आले आणि पहिली डब्याकडं गेले. रेघ नीट होती. तिथंच बसून रडले.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी दारात ट्रंक आदळल्याचा आवाज झाला. मी वळले तर हे. वाळलेले, गालफडं बसलेली, पण हातीपायी धड. हे बूट न काढताच आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "नानकटाई केलतीस का न्हाई?"

मी डबा उघडून पुढं ठेवला. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. मी भीत भीत विचारलं, "आवं, खवट न्हाई ना लागत?"

"कुठं? झकास झालीया."

काकू खाली धावत आल्या. त्यांच्या हातात मी एक ठेवली. दिवस मावळल्यावर त्या काही खात नसत, म्हणून पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेल्या. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी उठले तर रात्री सवयीनं रेघेत परत ठेवलेला डबा तसाच उघडा. हळदीच्या रेघेवर यांच्या बुटाचा ठसा उमटला होता, आणि रेघ जिथं पुसली होती तिथूनच मुंग्यांची रांग आत शिरली होती. डबा नुसता वळवळत होता. हे अजून घोरत होते. मी जमिनीवर बसून बघत राहिले. मुंग्या कण उचलत होत्या, यांच्या बुटांना वळसा घालून उंबऱ्यावरून बाहेर जात होत्या. मला एवढंसुद्धा वाईट वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसं हलकं वाटत होतं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डबा बघितला, मग मला बघितलं. "हळद आणू का?"

"राहू दे, काकू. खाऊ देत त्यांना."

त्या हसल्या. मग आत वाकून, झोपलेल्या यांना ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाल्या, "मी सकाळी खाल्ली बाई. लय खवट झाल्यात."

मी शाळेत रजेचा निरोप धाडला. डबा दुपारपर्यंत तिथंच उघडा होता.