बारा हजार कोकुंचे खोतचाचा

खोतचाचा चौदा पिढ्यांची नावं एका दमात म्हणून दाखवत. त्यांतली एकही पिढी त्यांची स्वतःची नव्हती. घराणं जपानी, सरदार जपानी, जहागिरी जपानी. आणि म्हणणारे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे आदम खोत, मुक्काम दोहा, अल मुंतझा, तिसरा मजला, लिफ्ट बंद. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं की मात्र थबकायचे. "थांब गो जरा, गावाला फोन करून सांगतो."

दोह्याला लागून असलेल्या लुसैलमध्ये एका जपानी कंपनीच्या ऑफिसात ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. ड्रॉइंगं सांभाळणाऱ्या कारकुनाला दिलेलं हे भारदस्त नाव. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा, 'सुपरसीडेड', म्हणजे रद्दबातल. तो शिक्का चाचा असा मारत की टेबलावरचा करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा चहा हिंदकळायचा. मी पलीकडे प्लॅनिंगला बसायचे. मी साताऱ्याची, त्यात जीभ तिखट. "तुला गोड बोलायला टॅक्स पडतो काय गो?" हा त्यांचा मला पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न, आणि शेवटच्या दिवशीही त्याचं उत्तर मिळालं नव्हतं.

हे जपानी वेड लागलं ते आमच्या साहेबांमुळे. साहेबांचं आडनाव मिनेहारा. त्यांचे वडील वारले तेव्हा घराण्याची वंशावळ नीट काढून घरी न्यायची होती, आणि हाताशी होती एक विटकी झेरॉक्स. साहेबांनी कोपऱ्यात इंग्रजी नावं लिहून ती चाचांकडे दिली. साधं काम होतं. पण चाचांना कळलं की समोर बसून डब्यातला गार भात खाणारा हा माणूस एका सरदाराचा वंशज आहे, आणि झालं! प्रत्येक सरदारावर त्यांनी स्वतंत्र फाइल उघडली. सातव्या मिनेहारांबद्दल नवी माहिती मिळाली की जुन्या पानावर लाल शिक्का.

तिकडे म्हणे जहागिरी जमिनीवर मोजत नसत, तांदळावर मोजत. एक कोकु म्हणजे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. मिनेहारांची जहागीर बारा हजार कोकुंची. दहा हजारांच्या खाली सरदारच म्हणत नसत, म्हणजे काठावर पास. चाचांना मात्र त्या बारा हजारांचा अभिमान साहेबांपेक्षा जास्त. कँटीनमध्ये कुणी तिसऱ्यांदा भात घेतला की हळूच म्हणत, "बघ बघ, हा एकटा दीड कोकुचा."

सरदारांच्या बदल्या व्हायच्या, हे कळल्यावर तर चाचांना नातलग सापडल्यासारखं झालं. शोगुनचा, म्हणजे सगळ्या सरदारांवरच्या सत्ताधीशाचा, हुकूम आला की सरदाराने उत्तरेतला बर्फ सोडून दक्षिणेच्या समुद्रावर जायचं, लवाजम्यासकट. मिनेहारांना असं तीनदा हलवलं. "किल्ला सरकारी, भांडीकुंडी तेवढी आपली," चाचा म्हणाले. "कंपनी अकोमोडेशनच की गो हे!" पुढे ऐका. सरदाराने एक वर्ष राजधानीत हजेरी द्यायची, एक वर्ष मुलखात राहायचं, आणि बायकोमुलं कायमची राजधानीत ओलीस. चाचांनी मान डोलावली. "आपलं उलट. आपण इथे ओलीस, बायको मुलखात. माझी अकरा वर्षं गेली तशी. तेवढा शोगुन कोण ते विचारू नको, भिंतींना कान असतात." आणि मग स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले, भिंतींना ऐकू जाईल इतके.

त्या अकरा वर्षांनंतर चाची इथे आल्या, सना झाली. एकुलती एक. दोह्यातच वाढली, मराठी सगळं कळायचं, वाचता मात्र येत नसे, उत्तर इंग्रजीत. आई गेल्यावर बाप-लेक दोघंच. आणि या सनावरून माझं चाचांशी पहिलं खरं भांडण झालं.

त्यांच्या थोरल्या भावाने गावाहून एक बक्षीसपत्र तयार करून पाठवलं होतं. चाचांनी इथे राबून गावात जे घर बांधलं, ते पुतण्याच्या नावे करायचं. मुलगी परक्याचं धन, नाव चालवणार पुतण्या. फक्त सही बाकी होती. चाचा म्हणाले, "बरोबरच आहे त्याचं. चौदा पिढ्या कशा टिकतात? मुलग्याला मुलगा, त्याला मुलगा. मिनेहारांचं बघ."

"आणि सना कोण, पाहुणी?" मी म्हटलं. "घर तुम्ही बांधलं, आणि आयत्या बिळावर नागोबा पुतण्या?"

"तुला नाही कळायचं. घराणं म्हणजे रक्त."

आणि ते पुन्हा आपल्या फाइलींत शिरले. त्यांनी वंशावळ पूर्ण केली आणि ऑफिसच्या प्लॉटरवर हा भलामोठा कागद छापला. मूळ झेरॉक्सवर पाच नावांना एकेरी रेघेऐवजी दुहेरी रेघ होती. खोतांच्या गावच्या कागदांत थोरल्या पातीला दुहेरी रेघ काढायची रीत. तेव्हा चाचांनी ते पाच सरदार सोनेरी करून टाकले. अस्सल रक्त, दुसरं काय!

मिनेहारासाहेब कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. मग कमरेतून वाकले. चाचा फुलून गेले. सोनेरी नावांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सर, धिस फाइव्ह, प्युअर ब्लड?"

साहेब शांतपणे म्हणाले, "नाही. हे पाचही दत्तक."

दुहेरी रेघेचा अर्थ तिकडे तो होता. हसू दाबताना माझा जीव गेला. साहेबांनी पुढे सावकाश सांगितलं, की यातल्या तिघांना दुसऱ्या घरांतून आणलं आणि दोघं तर जावई. मुलगा नव्हता, मुलगी होती. तिच्या नवऱ्याने घराचं नाव लावलं. चाचा गडबडीने म्हणाले, सॉरी सर, रंग काढतो, आत्ता काढतो. साहेबांनी कागदावर हात ठेवला. "राहू द्या. घर यांनीच सांभाळलं. रक्ताच्या दोघांनी तर जवळजवळ बुडवलं होतं."

चार दिवस चाचांनी एकही सरदार उघडला नाही. भात वाढून घेणाऱ्यांकडेही बघेनात. पाचव्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून भावाचं बक्षीसपत्र काढलं, टेबलावर नीट सपाट केलं, आणि दाणकन शिक्का मारला. सुपरसीडेड. "खलास," म्हणाले, आणि तो कागद तसाच कुरिअरने गावाला पाठवला. भावाने इंग्रजी कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार, कारण त्यानंतर तिकडून फोन यायचे बंद झाले. पुढच्या रजेत चाचांनी घर सनाच्या नावे केलं.

माणसाला वाटतं, आता लेक गळ्यात पडेल. चाचांचा करार संपला, ते कायमचे गावी निघाले, तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. चाचांनी दस्त सनापुढे ठेवला. तिने न उघडताच परत सारला. "अब्बा, आय अ‍ॅम नेव्हर गोइंग टू लिव्ह देअर. इट्स युअर हाऊस, नॉट माइन. काकांशी भांडण कशाला?"

मला वाटलं, चाचा चिडतील. मी असते तर चिडले असते. ते नुसते म्हणाले, "राहू नको गो. पण आपलं नव्हतं म्हणून नाही राहिले, असं नको. आपलं होतं आणि नाही राहिले, असं कर." सना फोनमध्ये बघत होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

चाचा त्या घरात दीड वर्ष राहिले. भाऊ बोलत नसे, पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. मला फोनवर म्हणत, "ठीक आहे गो, सरदारांना शत्रू असतातच." आवाज बारीक झाला होता. आंब्याच्या दिवसांत एका सकाळी गेले.

सनाला दफनाला पोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी पोचली. रत्नागिरीत हॉटेल घेतलं होतं, गावात फक्त कबरीवर जाऊन येणार होती. दुपारी मला तिचा मेसेज आला. दाराचा फोटो, दारावर लाकडी पाटी. इथे कुणाला विचारायला नको वाटतंय, मावशी, काय लिहिलंय यावर?

मी फोटो मोठा केला. अक्षर चाचांचंच, ड्रॉइंगवरच्या नावांसारखं सरळ. दोन ओळी. मोठ्या अक्षरात 'मालक : सना आदम खोत'. खाली, त्याच्या निम्म्या आकारात, 'राहणार : आदम खोत'.

दीड वर्ष तो माणूस लेकीच्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता, आणि सगळ्या गावाने ते येता-जाता वाचलं होतं. मी भर ऑफिसात रडले, त्याची लाज वाटली नाही. मग दोन्ही ओळी इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवल्या.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. हॉटेल रद्द केलं म्हणाली, "चार दिवस माझ्या घरी राहतेय."