साडूंच्या खिशातलं चुंबक

माझ्या साडूंचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे सत्तावन साल. आपलं अठराशे सत्तावन नव्हे हो, एकोणीसशे सत्तावन, आणि तेही अमेरिकेतलं. त्या वर्षी तिकडे निघाली तशी मोटार पुन्हा निघाली नाही, असं ते भेस्तानच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून सांगत. शेडमध्ये तसली एक होतीच, कुणा मिलमालकाच्या वारसांनी भंगारात काढलेली आणि साडूंनी पुन्हा चालती केलेली. तिला गाडी म्हटलेलं त्यांना खपत नसे, ‘सत्तावन’ म्हणायचं. पंचावन्नचं इंजिन झकास, पण मागची बाजू बुटकी. छप्पन्न म्हणजे नुसती मधली सोय. सत्तावनला मागचे पंख ताठ उभे राहिले आणि पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीमागे लपलं. पंपावरचा माणूस झाकण शोधत गाडीभोवती फिरायला लागला की साडूंना गुदगुल्या व्हायच्या. पुढच्याच वर्षी कंपनीने चार दिवे लावून गाडी बोजड केली. चार दिव्यांनी जास्त दिसत असेल की, असं मी एकदा भीतभीत म्हणालो. “ज्याला दोन डोळ्यांचा भरवसा नाही त्याला चार लागतात,” असं चष्मा पुसत साडू म्हणाले.

आता ज्या सालाला मागणी, त्याचीच नक्कल. छप्पन्नला नवे पंख चिकटवून सत्तावन म्हणून गळ्यात मारणारे महाभाग असतात म्हणे. म्हणून साडूंच्या खिशात कायम एक चुंबक असे. पत्र्याला चिकटलं तर माल मूळचा, घसरलं तर आत पुट्टी. पण ही सवय मोटारीपुरती राहील तर ते साडू कसले! हयात चलथाणच्या साखर कारखान्यात गेली, तरी चहात साखर पडलीय या बायकोच्या शब्दावर त्यांनी कधी घोट घेतला नाही, आधी तळ ढवळून बघणार. चांदणी पडव्याच्या सणाला आणलेली घारीची तुपाळ मिठाई तूप तपासण्यात अडकून पडायची आणि आम्ही ताटावर ताटकळत बसायचो.

खरी पंचाईत झाली ती ज्योतीच्या लग्नाची. एकुलती एक लेक, त्यात हिऱ्यासारखी. पण एक मुलगा फार हसतो म्हणून, दुसरा मुळीच हसत नाही म्हणून साडूंनी परत पाठवला. मेहुणीने माझ्या बायकोपाशी डोळ्यांत पाणी आणलं, असंच चाललं तर पोर घरातच राहील म्हणाली. तिसरा आला नवागामहून, लूमच्या कारखान्यातला, स्कूटरवर. तो आत येऊन टेकतो न टेकतो तोच साडू बाहेर गेले आणि त्याच्या स्कूटरला चुंबक लावायला लागले. मेहुणी दारातून आपल्या बोलीत ओरडली, “आते पुरे करा, पोरगा चहा पेवाले ऊना शे, गाडी इकाले नही!” तेवढ्यात मागच्या मडगार्डवरून चुंबक घसरलं. झालं, गेलं हेही स्थळ, असं मी मनात म्हणालो. मुलगा उठून बाहेर आला. “ठोकली होती काका. चूक माझीच. पुट्टी भरलीय तिथं.”

साडूंनी चुंबक खिशात टाकलं आणि घरात येऊन चहा ढवळल्याशिवाय प्यायले. लग्न ठरलं हे मेहुणीला तिथंच कळलं. सत्तावनमध्ये बसूनच ज्योती सासरी गेली. साडू स्वतः चालवत होते आणि आरशात मागं बघत होते.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मीही तिथंच होतो. साडू तिच्याभोवती हळूहळू फिरले, एखाद्या गाडीभोवती फिरावं तसे. कुठं पोचा, कुठं बदललेला भाग दिसतो का ते बघत. ज्योतीला ते कळलं. ती हसून म्हणाली, “नाना, चुंबक लावून बघा हवं तर. सगळं मूळचंच आहे.”

साडूही हसले. मग मला शेडमध्ये नेलं, सत्तावनचा दिवा उगाचच पुसत राहिले.

“साडूभाऊ, पोरगी खरं बोलली ना?”

मी म्हणालो, हो, खरं तेच बोलली. पण तिचं ते हसू मलाही जरा जास्तच गुळगुळीत वाटलं होतं, पुट्टीवरच्या रंगासारखं.