हायकोर्टाचा प्रसाद

नवऱ्यानं मला अर्धा देश दाखवला. स्वतःची कामाची जागा तेवढी दाखवली नाही.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

मुलगी म्हणाली, आई, दोन ओळी लिही. दोन ओळीत काय होते बाप्पा. थकली मी, तरी लिहून राहिली.

हे जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. लग्न करून मी आंधळगावहून त्यांच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं,
"तुमी आतमंदी काय करता जी?"
"काम."
"कोनतं काम?"
"सांगता येत नाई."

रिटायर होईपर्यंत हेच उत्तर.

आत मोबाइल नाही, काडीपेटी नाही, फोटो नाही. बायको तर नाहीच नाही. मी ते गेट पाहिलं ते बाहेरून, तेही येता-जाता.

सरकारी खर्चानं फिरायची एलटीसी मिळाली की क्वार्टरमधले लोक तिरुपतीला जायचे, वैष्णोदेवीला जायचे.
आम्ही भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसलो की समजायचं, कोणतं तरी हायकोर्ट पाहायला चाललो.

विधान भवन, जीपीओ, टाऊन हॉल, जुन्या लायब्रऱ्या. स्टेशनवर उतरलं की हे रिक्षावाल्याला विचारणार, "भैया, इधर देखने लायक सरकारी बिल्डिंग कौनसी है?"
तो बिचारा आधी मंदिराचंच नाव घ्यायचा.

अन् कोणत्याही गेटावर गेले की यांचे दोन्ही हात आपोआप वर. फॅक्टरीत रोज झडती व्हायची ना, त्याची सवय. खिशातलं सामानही आधीच काढून माझ्याकडे दिलेलं.

कोलकात्याला एका लायब्ररीचा चौकीदार हसला. म्हणाला, "दादा, हाथ नीचे कीजिए. खुला है, जाइए."

"पाह्य, खुलं हाये म्हनते," हे मला म्हणाले. केवढे खूश झाले होते.

मग आतले जिने, खांब, छत, लोकांना बसायचे बाकडे, सगळं पाहायचं. पाण्याचा नळ चालू आहे का, तेही पाहायचं.

"पाय तुटले जी माहे. एखादा देव तरी दाखवा."
"देव भंडाऱ्यातबी भेटते. अन् इथं कोनी अडवून राहिलं का आपल्याले?"

खरी पंचाईत घरी आल्यावर. यात्रेहून आलं की आमच्या लाइनीत घरोघरी प्रसाद द्यायची रीत. आम्ही काय देणार?

मी गुपचूप भंडाऱ्याच्या बाजारातून बत्ताशे आणले अन् वाटले. शेजारच्या काकूंनी डोळ्यांना लावून विचारलं, "कोनत्या देवाचा व?"

मागून यांनीच उत्तर दिलं, "हायकोर्टाचा. कोनती केस असन तर लागन निकाल."

काकूंची खरंच शेताची केस सुरू होती. त्यांनी आणखी मूठभर मागून नेले.

हसत होती मी तेव्हा. पण आत सल होताच. देशभरच्या साहेबांची दालनं पाहिली, अन् ज्या माणसाचा डबा रोज भरला, तो माणूस कुठं बसून तो डबा खातो, हे काही माहीत नाही. बहुत वाईट वाटायचं मला त्याचं.

रिटायर झाले त्या दिवशी हार, गुलाल, बँड, सगळं गेटाच्या बाहेर. आम्ही बायकाही बाहेर. हे आले, एकदा मागं वळून पाहिलं अन् म्हणाले, "चाल."

मागच्या वर्षी दुखणं लांबलं. डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी न्या म्हटलं. बोलणं कमी होत गेलं.

एका दुपारी पाय चेपून देत होती. मनात म्हटलं, आता नाही विचारलं तर राहूनच जाईल.

"आता तरी सांगा जी. आतमंदी काय होतं?"

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

मग म्हणाले, "खिडकीतून मोहाचं झाड दिसे."
"अन्?"
"तेवढंच सांगता येते."

हसू आलं, रागही आला. माणूस जायला निघाला, पण शिस्त काही सोडेना.

त्याच आठवड्यात गेले.

आता मुलगी म्हणते, दिल्लीला चल, नवीन संसद भवन पाहू, बाबांचं राहून गेलं. नको बाई. माझ्यानं आता पायऱ्या चढणं होत नाही. अन् हे नाहीत तर मी एकटी खांब पाहून काय करू?

आज सकाळी ऑटो करून जवाहरनगरला गेली होती. भिंतीच्या कडेकडेनं जेवढं जाऊ देतात तेवढं गेली.

भिंतीवरून आतली झाडं दिसतात. मोहाचं एकच असतं तर ओळखलं असतं. बहुत आहेत जी. तुमच्या खिडकीतलं कोणतं, हे आता कोणाला विचारू?

सगळीच पाहून आली.

आराम करा आता. बहुत चाललो आपण.