खिडकीपाशी मशीन

"खिडकीपाशी मशीन, मग सोफा काय डोक्यावर ठेवू?" प्रमोदने टेप ओढून पुन्हा भिंतीला लावली. "बोल ना. रविवारी गाडी पाठवतोय दुकानदार."

"मागितला कुणी सोफा?" भावना शिलाई मशीनवरून उठली नाही.

"लोकांच्या घरी असतो. कंपनीतले चौघं फ्लॅट बघायला येणारेत. त्यांना काय बॉबिनच्या डब्यावर बसवू?"

"मशीन आत ने की," सासूबाई जनाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "कॅम्पातला कारखाना इथेही कशाला? फ्लॅट आहे हा."

"आतल्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते, आई. ट्यूबलाइटमध्ये मरून आणि जांभळा एकच वाटतो. फॉल भलत्या रंगाचा लागला तर ती साडी तुम्ही नेसाल?"

"मी कशाला नेसू लोकांच्या साड्या?"

राजसीने कानातला इयरफोन काढला. "पप्पा, मम्मीला खाली गाळा घेऊन द्या ना. विषय क्लोज."

"खालच्या गाळ्यांत मागच्या पावसाळ्यात नदी काउंटरपर्यंत चढली होती. मोटर भिजली की मशीन भंगारात." प्रमोदने टेप खटकन सोडली. "आणि गाळ्याला धंदा लागतो. इथे आल्यापासून काय धंदा झालाय हिचा? खरं सांग भावना, एक रुपया तरी?"

भावनाने साडीचा दोरा तोडला. ते खरं होतं.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गल्लीच्या तोंडाशीच त्यांच्या दोन खोल्या होत्या. सकाळी दाराला फॉलच्या रंगीत पट्ट्या लटकवल्या की दुकान उघडलं, संध्याकाळी काढल्या की बंद. पाटी कधी लागली नाही. बाजारातले सिंधी दुकानदार साडी विकली की बोट दाखवायचे, "आगे गली में भावना भाभी से फॉल लगवा लो." दर सगळ्या गल्लीला पाठ. बाई साडी उचलायची, पैसे मशीनच्या फळीवर ठेवायची आणि चालू लागायची. लग्न होऊन आल्यापासून भावनाने हेच काम केलं, पण "एवढे झाले" हे शब्द तिच्या तोंडातून कधी निघाले नव्हते. गरजच पडली नव्हती.

मग बिल्डिंगला धोकादायक म्हणून नोटीस लागली. प्रमोदची कंपनी अंबरनाथला. त्याला सोयीचं म्हणून बदलापूर. मांजर्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पहिल्या दिवशी भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला, दुसऱ्या दिवशी भावनाने दाराला पट्ट्या लटकवल्या. संध्याकाळी सेक्रेटरी वर आले. "ताई, चिंध्या वाळत घालायच्या तर गॅलरीत घाला. पॅसेजचा लूक जातो."

तिने पट्ट्या काढल्या. पण वरच्या मजल्यावरच्या जिज्ञासाने मशीन बघितलं होतं. "वहिनी, जरा पिको करून द्याल?" भावनाने करून दिला. जिज्ञासा साडी घेऊन "थँक्यू हं!" म्हणाली आणि गेली. फळी रिकामी. पहिली ओळख आहे, भावनाने मनात म्हटलं. मग पहिल्या मजल्यावरची आली, मग समोरची, मग समोरचीची बहीण. सगळ्या गोड बोलल्या. एकीने अर्धा नारळ दिला. दर कुणाला ठाऊक नव्हता आणि भावनाला तो सांगता येत नव्हता. नव्या शेजारणीच्या तोंडावर पैसे मागायचे म्हणजे तिला हात पसरल्यासारखं व्हायचं. सगळी बिल्डिंग तिची गिऱ्हाईक झाली आणि धंदा मात्र झाला नाही.

आज सकाळी जिज्ञासा गठ्ठाच ठेवून गेली होती. शुक्रवारी तिच्या दिराची हळद. आगरी घरातली हळद म्हणजे घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या, आणि त्या सगळ्यांना फॉल आणि पिको. जाताना म्हणाली होती, "तुमचा टाइमपास पण होईल वहिनी. नवीन जागेत करमत नसेल ना?"

"मशीन यशोधराला देऊ," प्रमोद आता समजुतीच्या सुरात म्हणाला. यशोधरा त्याची बहीण, अजून कॅम्पातच. "तिचा उपयोग होईल. तू आराम कर. एवढी वर्षं केलंस, पुरे."

"मी आराम मागितला?"

"तसं नाही गं. इथे फुकट राबण्यापेक्षा—"

"फुकट," भावना म्हणाली. ती उठली, पिवळ्या साड्यांचा गठ्ठा पोटाशी धरला आणि पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे?" जनाबाईंनी विचारलं. तोवर ती जिन्यात पोचली होती.

जिज्ञासाने दार उघडलं. "अय्या, झाल्यासुद्धा?"

"नाही. एक सांगायचं राहिलं होतं. फॉल-पिकोचे मी पैसे घेते." आणि भावनाने दर सांगितला. एका दमात, समोरच्या चपलांच्या स्टँडकडे बघून. मग मान वर केली आणि पुन्हा एकदा सांगितला, कारण पहिल्यांदा आवाज बारीक आला होता.

जिज्ञासा हसली. "काय वहिनी! आपण शेजारी ना?"

"शेजारी आहोत म्हणून चहा पाजीन. कधीही ये. पिकोचे पैसे."

"मग मागच्या वेळी का नाही बोललात?"

"माझं चुकलं. ते राहू दे. इथून पुढचं बोलतेय."

आतून जिज्ञासाच्या सासूबाई ओरडल्या, "काय झालं गो?" जिज्ञासाने आत बघितलं, बाहेर बघितलं आणि हात पुढे केले. "द्या मग. स्टेशनजवळ एक जण अर्जंट करून देतो. पैसेच द्यायचे तर तो बरा."

"बरा असेल. फॉल आधी धुऊन लावतो का विचार. नाहीतर एका धुण्यात साडी गोळा होईल." भावनाने गठ्ठा तिच्या हातात दिला. कामाला घेतलेली साडी तशीच परत करायची तिची ही पहिलीच वेळ.  जिन्याच्या पहिल्या वळणावर ती कठडा धरून थांबली, मग खाली आली.

"दिलंस परत?" प्रमोदने रिकाम्या हातांकडे बघितलं. "गेलं ना गिऱ्हाईक!"

"गिऱ्हाईक नव्हतंच ते."

"हळदीचं आमंत्रणही गेलं," जनाबाई म्हणाल्या. "मटण चांगलं करतात म्हणे ती माणसं."

राजसी फिसकन हसली. भावना हसली नाही. तिने स्टूल खिडकीकडे ओढलं, पण बसली नाही.

"ऐका तिघंही," ती म्हणाली. "सोफा येणार नाही, आत्ताच फोन करून सांगा. मशीन इथेच राहील. उद्या मी पाटी करायला टाकतेय, दर मोठ्या अक्षरात, आणि ती आपल्या गॅलरीच्या ग्रिलला लागेल. पॅसेज सेक्रेटरींचा, ग्रिल आपलं. सकाळी अकरा ते पाच हा हॉल माझा. कंपनीतले लोक आले तर आत पलंगावर बसतील."