एकही पिशवी न लागलेलं ऑपरेशन

हार्ट सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून वर्षं काढली की किस्से साठतातच. हसवणारे सांगून संपतात. बाकीचे आपल्याबरोबर घरी येतात.

आमच्या सरांचा एकच हट्ट. गरज नसताना पेशंटला बाहेरचं रक्त द्यायचं नाही. आधी गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढवा, ऑपरेशनमध्ये सांडलेलं मशीनने धुऊन त्याचं त्यालाच परत द्या. पण आमच्या जुन्नर-आंबेगावकडे माणूस ऑपरेशनला गेला की भावकी रक्त द्यायला येणारच!

लोणीच्या एका पेशंटसाठी दोन पिकअप भरून माणसं आली. "रक्त लागणार नाही," म्हटल्यावर त्यांचे पुढारी भडकले, "का? आमच्या गावचं रक्त चालत नाय का?" सरांनी स्वतः चहा पाजला, तेव्हा कुठे गाड्या वळल्या!

येडगावच्या मावशींचं हिमोग्लोबिन फार कमी. महिन्याच्या गोळ्या देऊन ऑपरेशन पुढे ढकललं. महिन्याने तपासलं, तर आकडा तिथेच! मावशी हळूच म्हणाल्या, "लेक पोटुशी हाय. तिलाच दिल्या. माझं काय, झालं की आता."

मी त्यांना खूप रागावले. नवी तारीख दिली. त्या तारखेआधीच मावशी गेल्या. त्या रागावण्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आणे गावचे दादा. बांधावरून धाकट्या भावाशी, दत्तूशी, आठ वर्षं अबोला. आईच्या दहाव्यालासुद्धा दोघे दोन टोकांना उभे! पण दादांच्या बायपासच्या दिवशी दत्तू सकाळपासून बाही वर करून बाकावर बसलेला. ऑपरेशन छान झालं. "रक्त लागलं नाही, जा घरी," मीच त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादा बोलायला लागले. पहिलाच प्रश्न, "दत्तूचं रक्त दिलं का?"

"कुणाचंच नाही! एक पिशवीसुद्धा लागली नाही!" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दादांनी तोंड फिरवलं. "मंजी आलाच नाय तो."

"आला होता दादा, मीच परत पाठवलं."

"ऱ्हाऊ द्या सिस्टर. मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुमी."

त्यांचे डोळे वाहत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

भेटायच्या वेळेला दत्तू दारात उभा. तो घरी गेलाच नव्हता. खाली रक्तपेढीत जाऊन दुसऱ्याच कुणासाठी तरी रक्त देऊन आला होता. हातावरचा कापूस आणि चिकटपट्टी अजून तशीच. हात पुढे करून म्हणाला, "दिलंय बघ, दादा."

दादांनी त्या कापसावर बोट ठेवलं.

"दुखतं का रं?"