मस्टरमधला भाऊ

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर चांगलं. म्हणून गाळ्यातलं हजेरीचं मस्टर माझ्याकडे होतं. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमचे तीन प्रेस चालायचे. डब्यांची पत्र्याची झाकणं काढायचो. आठ कामगार, सगळे कोकणातले.

इतकी थोडी माणसं असली की कारखान्याचा कायदा लागायचा नाही. ऐंशीनंतर कधीतरी सरकारनं हुकूम काढला, प्रेसवाल्या लहान गाळ्यांनाही तो लागू. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की भरपगारी रजा द्यायची. कायदा वाईट नव्हता. तोवर रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी होती आणि ती हातातून चालली म्हणून आम्ही बिथरलो. शेजारच्या गाळेवाल्यांनी तोडगा सांगितला. दिवस भरत आले की माणसाचं नाव काढायचं, महिन्यानं परत घालायचं. त्याला ब्रेक म्हणत.

आमचा मुख्य प्रेसवाला मॅट्रिक झालेला, हाताला वेगवान. त्याला ब्रेक दिला असता तर काम बंद पडलं असतं. नवरा म्हणाला, "हा राहू दे मशीनवर. मस्टरमध्ये त्याच्या गावच्या भावाचं नाव घाल." मी घातलं. भाऊ देवगडला शेती करत होता आणि माझ्याकडे रोज हजर होता.

गणपतीच्या आधी प्रेसवाला माझ्यापाशी आला. "वयनी, आठ दिस घराक जातंय. रजा भरपगारी लिवा."

नवरा आतून ओरडला, "कुणाची रजा? तुझं नाव तरी आहे का रे मस्टरला?"

तो डोक्यात राख घालून मशीनवर बसला आणि प्रेस मारायला लागला. हात अडवणारी जाळी काम मंदावते म्हणून आम्हीच काढून ठेवली होती. तासाभरात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं साच्यात गेली. मी ती झाकणांतून वेचली, फडक्यात बांधून इस्पितळात नेली. डॉक्टरनं बघून परत दिली. तिथंही नवऱ्यानं भावाचंच नाव लिहायला सांगितलं. मस्टरला तेच होतं ना.

तिसऱ्या दिवशी भाऊ गावाहून उतरला तो थेट गाळ्यात. दोन्ही पंजे नवऱ्याच्या तोंडासमोर धरले.

"ही बघ माझी बोटां. धाच्या धा असत. मगे तुटली ती कोणाची, सांग मेल्या!"

ठोसा घातला, मग पाना उचलला. नवऱ्याचे पुढचे दात गेले, कान फाटला. सात कामगार उभे राहून बघत होते. मी लोखंडी दांडा घेऊन भावाच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला. मला वाईट वाटलं नाही. आणखी एक पाना बसता तर नवरा मेला असता.

नवरा रक्त थुंकत म्हणाला, "मस्टर जाळ. उद्या इन्स्पेक्टर येईल."

भाऊ जमिनीवरून म्हणाला, "जाळ गे, जाळ. मगे माझो भाव हय कामाक नव्हतोच."

बरोबर होतं त्याचं. नाव खोटं असलं तरी प्रेसवाला रोज मशीनवर होता, याचा पुरावा तेवढाच. मस्टर गेलं की त्याला भरपाई मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ते इन्स्पेक्टरपुढं टाकलं. "अक्षर माझं. नाव भावाचं, बोटं प्रेसवाल्याची."

नवऱ्यानं इन्स्पेक्टरच्या देखत माझ्या कानाखाली वाजवली. मी उलट एक ठेवून दिली, त्याच्या शिवलेल्या तोंडावर. टाके उसवले. इन्स्पेक्टरनं खुर्ची मागे सरकवली आणि लिहीत राहिला.

खटला झाला, दंड झाला, गाळा चार महिने बंद. प्रेसवाल्याला भरपाई मिळाली. भावाच्या खांद्याचं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

गाळा उघडल्यावर प्रेसवाला माल तपासायला परत आला. पुढच्या गणपतीला त्याच्या रजेचा अर्ज मी लिहिला, त्याच्या स्वतःच्या नावानं. सहीला सवयीनं पेन पुढं केलं.

"शाई आणा, वयनी," तो म्हणाला. "आंगठो ऱ्हवलो हा."